एका खोक्यातली दोन यंत्रे: पोर्टेबल टीव्हीचा इतिहास, दुरुस्तीच्या टेबलावरून

१/ ३१ मार्च २०२२ ही भारतीय दूरचित्रवाणीच्या इतिहासातली एक ठळक तारीख आहे आणि ती फारशी कोणाला ठाऊक नाही. प्रसार भारती जुनी ॲनालॉग भू-प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद करत आली होती. मोक्याच्या ठिकाणची सुमारे ५० केंद्रे वगळता उरलेली सर्व या तारखेपर्यंत बंद होतील, असे तिने जाहीर केले होते. गच्चीवरच्या किंवा संचाच्याच डोक्यावरच्या अँटेनाने हवेतून चित्र पकडणे हेच ज्यांचे काम होते, ते छोटे कृष्णधवल टीव्ही या निर्णयाने अधिकृतरीत्या निरुपयोगी झाले.

२/ आजचा धागा याच छोट्या टीव्हीविषयी: बारा व्होल्टवर चालणारा, वर उचलण्याची मूठ असलेला, अडगळीच्या माळ्यावर किंवा भंगाराच्या ढिगात हमखास सापडणारा. टीव्हीचा इतिहास आपण बहुधा कार्यक्रमांच्या अंगाने वाचतो. ‘हम लोग’, ‘रामायण’, १९८३ चा विश्वचषक. तो वाचन दिवाणखान्यातून होते. मी तो दुरुस्तीच्या टेबलावरून वाचायचा प्रयत्न करते आहे, कारण दिवाणखान्यातून न दिसणारी एक गोष्ट तिथून स्वच्छ दिसते. टीव्ही म्हणजे एकाच खोक्यात शेजारी नांदणारी दोन वेगळी यंत्रे आहेत.

३/ पहिले यंत्र ऐकणारे. ते हवेतल्या असंख्य लहरींतून एक केंद्र निवडते आणि त्यातून चित्राचा व आवाजाचा संकेत सोलून काढते. दुसरे यंत्र रेघा ओढणारे. पिक्चर ट्यूबच्या मानेतून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरवत ठेवणे, एवढेच त्याचे काम. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्राच्या ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेघा.

४/ हा १५,६२५ चा आकडा कानांनाही ऐकू येतो. संच चालू असला की आत एक अतिबारीक शिट्टी वाजत असते आणि ती लहान मुलांना शेजारच्या खोलीतूनही ऐकू येई. वय वाढले की कान ती वारंवारता गमावतात. म्हणून आई ‘टीव्ही बंद आहे’ असे समजून निर्धास्त असायची आणि आम्हाला तो आवाज बंद करून चालू ठेवलेला आहे हे कळायचे. ही शिट्टी पुढे या धाग्यात पुन्हा लागणार आहे.

५/ दोन यंत्रांची ही फाळणी आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे, फक्त तिला तसे नाव दिलेले नाही. केंद्र गेले की पडद्यावर ‘मुंग्या’ यायच्या. मुंग्या म्हणजे पहिल्या यंत्राला काहीच ऐकू येत नाही आणि दुसरे यंत्र मात्र धडधाकट आहे. पडदा उजळला आहे, रेघा ओढल्या जात आहेत, सांगायला मजकूर तेवढा नाही. २०२२ नंतर देशातल्या बहुतेक चालू छोट्या टीव्हींची अवस्था नेमकी ही आहे.

६/ आता थोडे मागे. संपूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा आणि पडद्याकडे थेट पाहता येणारा पहिला टीव्ही सोनीने १९६० मध्ये बाजारात आणला. आठ इंचांचा पडदा, २३ ट्रान्झिस्टर, किंमत ६९,८०० येन. (अमेरिकेत फिल्कोचा ‘सफारी’ १९५९ मध्येच आला होता, पण त्यात दोन इंचांच्या ट्यूबमधले चित्र आरशाच्या साहाय्याने मोठे करून दाखवले जाई.) सोनीचा तो संच महाग होता, नाजूक होता आणि व्यापारी दृष्ट्या फार यशस्वीही ठरला नाही. तरी त्याने एक पायंडा पाडला: टीव्ही बॅटरीवर चालू शकतो.

७/ बॅटरीवर चालायचे ठरले की संचाची सारी अंतर्गत रचना बदलते, आणि माझ्या मते या इतिहासातला सर्वांत कमी सांगितला गेलेला मुद्दा हाच आहे. दिवाणखान्यातल्या मोठ्या संचांत खर्च आणि वजन वाचवण्यासाठी विजेचा ट्रान्सफॉर्मर पुष्कळदा गाळलेला असे. आतली लोखंडी चासी सरळ घरातल्या विजेच्या एका तारेशी जोडलेली. प्लग उलटा बसला तर ती चासी २३० व्होल्टवर. बाहेरून लाकडी कपाट आणि प्लास्टिकचे कान असल्यामुळे पाहणाऱ्याला धोका नव्हता. पण त्या चासीला बाहेरचे कोणतेही उपकरण तारेने जोडणे म्हणजे जिवाशी खेळ.

८/ पोर्टेबल संचाला मात्र गाडीच्या बॅटरीवरही चालायचे होते, आणि म्हणून त्याचे सारे पोट बारा व्होल्टांवर बेतलेले असे. घरच्या विजेवर चालवताना ट्रान्सफॉर्मर आधी ती वीज बाराच्या आसपास उतरवणार आणि मग संच चालणार. या ट्रान्सफॉर्मरमुळे चासी घरच्या विजेपासून पूर्ण तुटलेली राहिली. प्रवासासाठी केलेल्या सोयीतून एक अनपेक्षित गुण निपजला: या संचाच्या पोटात बाहेरची तार सुरक्षितपणे नेता येऊ लागली. घरगुती इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांची या छोट्या टीव्हीशी जुळलेली गाठ इथली आहे. त्याचे स्वस्त असणे नंतर आले.

९/ ती गाठ पहिल्यांदा नेमकी केव्हा दिसली? सप्टेंबर १९७३ च्या ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर डॉन लँकेस्टर यांचा ‘टीव्ही टाइपरायटर’ झळकला. कळफलकावर टंकलेली अक्षरे घरच्या टीव्हीवर दाखवणारे, स्वतः जुळवायचे यंत्र. एका पानावर ३२ अक्षरांच्या १६ ओळी. आज हे हास्यास्पद वाटेल. पण तोवर पडद्यावर अक्षरे पाहणे ही विद्यापीठांची आणि मोठ्या कंपन्यांची मिरास होती. लँकेस्टर यांनी हौशी माणसाला दाखवून दिले की महागडे अर्धे यंत्र, म्हणजे पडदा, त्याच्या घरी आधीच येऊन बसलेले आहे.

१०/ संकेत आत कसा न्यायचा, याचे दोन मार्ग होते. एक, छोटेसे प्रक्षेपकच बनवायचे, टीव्हीला ते एक केंद्र आहे असे भासवायचे आणि अँटेनाच्या वाटेने आत शिरायचे. हा सुरक्षित मार्ग. चित्र जरा पुसट. दुसरा, संच उघडायचा, ऐकणाऱ्या यंत्राची शेवटची तार तोडायची आणि आपला संकेत सरळ रेघा ओढणाऱ्या यंत्राला द्यायचा. चित्र लख्ख, पण चासी विजेपासून तुटलेली असली तरच. १९८० चा सिंक्लेअर झेडएक्स-८० आणि १९८२ चा स्पेक्ट्रम या घरगुती संगणकांनी पहिला मार्ग धरला. हात काळे करायला तयार असलेल्यांनी दुसरा.

११/ भारतात ही कथा वेगळ्या पायावर उभी राहिली. दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झाले. मुंबईला केंद्र मिळायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. दरम्यान पिलानीच्या सीरी या राष्ट्रीय प्रयोगशाळेने देशी टीव्ही संचाचा आराखडा तयार केला आणि तो उद्योगांना दिला. १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग स्थापन झाला. टीव्हीचे उत्पादन मोठ्या उद्योगसमूहांच्या हाती न देता मुख्यतः लघुउद्योगांकडे ठेवावे, असे सरकारी धोरण होते. हैदराबादची ईसीआयएल ही सार्वजनिक क्षेत्रातली कंपनी हा ठळक अपवाद.

१२/ या धोरणावर अर्थतज्ज्ञांनी बरीच टीका केली आहे: उत्पादन विखुरले, किमती चढ्या राहिल्या, तंत्र मागे पडले. ती टीका मला बव्हंशी मान्य आहे. तरीही तिचा एक परिणाम टीकाकारांच्या हिशोबात येत नाही. डझनावारी लहान कंपन्या थोड्याफार फरकाने सारखीच सर्किटे वापरत होत्या. सुटे भागही बव्हंशी त्याच त्या उत्पादकांचे. त्यामुळे वेस्टन, क्राउन, टेक्सला, डायनोरा, सलोरा अशी नावे कितीही असली तरी झाकण उघडल्यावर आतला नकाशा ओळखीचा निघे. एका तालुक्याच्या गावातला मेकॅनिक कोणत्याही कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्राची पायरी न चढता सर्वच संच दुरुस्त करू शकला, तो यामुळे.

१३/ आणखी एक गोष्ट विसरली गेली आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ किंवा टीव्ही बाळगायला सरकारी परवाना लागे आणि तो पोस्टातून काढावा लागे. संच विकत घेतलेला असो वा घरी जुळवलेला, कायद्याच्या नजरेत तो ‘ग्राहक यंत्र’च. हौशी पोराने स्वयंपाकघराच्या ओट्यावर जुळवलेल्या रेडिओलाही तत्त्वतः परवाना हवा होता. किती जणांनी तो काढला असेल, हा प्रश्न मी वाचकांच्या कल्पनेवर सोडते.

१४/ वऱ्हाडाकडे येऊ. मुंबई रेल्वेने ५०० किलोमीटरहून दूर आणि टीव्हीच्या लहरी क्षितिजापलीकडे फारशा वळत नाहीत. त्यामुळे १९७२ चे मुंबई केंद्र अकोलेकरांसाठी वर्तमानपत्रातली बातमी होती. इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३ च्या अखेरीस अवकाशात गेला आणि पुढच्या वर्षी सरकारने कमी शक्तीच्या प्रक्षेपकांची मोहीम काढली. १९८४ मध्ये काही महिने देशात जवळजवळ दररोज एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता. उपग्रहाकडून घ्यायचे आणि शहरापुरते वाटायचे, असे त्यांचे काम. शक्ती साधारण शंभर वॅट. शहर आणि भोवतालची काही किलोमीटरची खेडी, एवढाच त्यांचा पल्ला. त्या पल्ल्याच्या काठावरच्या गावांत उंच लोखंडी पाइप, त्यावर अँटेना, मध्ये बूस्टर आणि खाली ‘आता दिसते का?’ असे ओरडणारे घर, हे दृश्य जन्माला आले.

१५/ इथे बारा व्होल्टांचा दुसरा अर्थ उघड होतो. जपानी आणि अमेरिकी जाहिरातींत पोर्टेबल टीव्ही समुद्रकिनाऱ्यावर किंवा मोटारीत दाखवत. आमच्याकडे तो सहलीला गेला नाही. तो वीज गेली तेव्हा उपयोगी पडला. अकोला जिल्ह्यातच पारसला औष्णिक वीजकेंद्र आहे, आणि तरी २००५ नंतरची काही वर्षे याच जिल्ह्याने दिवसचे दिवस भारनियमन सोसले. माझे बालपण त्या अंधाराचे. ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची, दोन चिमटे लावायचे आणि छोटा टीव्ही सुरू. तोवर बाजारात साडेपाच इंची चिनी संच आले होते, रेडिओ आतच बसवलेला. शेतावर जागलीला जाणारे लोकही तो नेत असत.

१६/ आता मधला दुवा. लँकेस्टर यांनी १९७३ मध्ये जी शस्त्रक्रिया सुचवली, ती आपल्याकडे केव्हा झाली? संगणकाच्या निमित्ताने थोडीफार झाली. १९८४ च्या ‘क्लास’ प्रकल्पातून काही शाळांत बीबीसी मायक्रो आले. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने सिंक्लेअरचा संगणक भारतात जुळवून विकला. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक १९६९ पासून निघत होते आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळत होते. पण हा सारा महानगरी हौसेचा इतिहास झाला. घरगुती संगणक जुन्या शहराच्या गल्लीत पोचलाच नव्हता.

१७/ गल्लीत ही शस्त्रक्रिया वेगळ्या नावाने आली: ‘एव्ही काढून देणे’. १९९० च्या दशकाच्या अखेरीस व्हीसीडी प्लेअर स्वस्त झाले. त्यांच्या मागे पिवळ्या, पांढऱ्या, लाल रंगाच्या पिना. जुन्या टीव्हीला मात्र फक्त अँटेनाची जागा. मग लोक संच घेऊन दुकानात जात आणि मेकॅनिक झाकण उघडून, योग्य जागी एक कंडेन्सर उचलून, मागच्या बाजूला दोन भोके पाडून सॉकेट बसवून देई. पुढे केबलचे डिजिटायझेशन आले. अकोल्यासारख्या शहरांसाठी तिसरा टप्पा आणि त्याची मुदत डिसेंबर २०१५. सेट-टॉप बॉक्सच्या निमित्ताने हे काम पुन्हा एकदा निघाले.

१८/ हे काम म्हणजे तंतोतंत लँकेस्टर यांचा दुसरा मार्ग. ऐकणारे यंत्र बाजूला काढायचे, रेघा ओढणारे ठेवायचे. कोणत्याही मासिकाचे मुखपृष्ठ नाही, ‘प्रकल्प’ हा शब्द नाही. गिऱ्हाईक समोर उभे आणि संध्याकाळी पिक्चर पाहायचा आहे. मोठा संच आला तर अनुभवी मेकॅनिक आधी चासी तपासे, आणि ती विजेशी जोडलेली निघाली तर सरळ नकार देई. छोटा संच असला तर हसत ठेवून घेई. सातव्या-आठव्या पोस्टमधला फरक त्याला पुस्तकातून कळलेला नव्हता. चासीला लावलेल्या टेस्टरच्या दिव्याने त्याला तो शिकवला होता.

१९/ हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्या मामेभावाने तंत्रनिकेतनातल्या प्रदर्शनासाठी घरगुती संगणक बनवायला घेतला. आत रास्पबेरी पाय, बाहेर जुना टीव्ही. पडद्यासाठी भंगारातून साडेपाच इंची संच आणला. तो उंचावरून पडलेला होता: कोपरा फुटलेला, अँटेना मुळासकट तुटलेली, ट्यूनरचा पत्र्याचा डबा चेपलेला. जुन्या शहरात, असदगडापासून फार लांब नाही अशा एका बोळात, अजूनही दुकान उघडणारे एक वयोवृद्ध मेकॅनिक काका आहेत. त्यांच्या टेबलाशी आम्ही तीन संध्याकाळी बसलो. त्यांचे नाव न लिहिण्याचे मी कबूल केले आहे.

२०/ बारा व्होल्ट दिले. स्पीकरमधून खरखर आली, ट्यूबच्या मानेत तांबडा ठिपका पेटला, पडदा मात्र काळाठिक्कर. मामेभाऊ लगेच मीटर घेऊन वीजपुरवठा तपासायला लागला. काका म्हणाले, “खरखर येऊन राहिली ना बेटा, मंग पावर काहून तपासतं?” एका वाक्यात निम्मा संच निर्दोष सुटला. आवाजाला बारा व्होल्ट थेट मिळतात. तो येतो आहे म्हणजे पुरवठा ठीक. मान तापते आहे म्हणजे ट्यूब जिवंत. उजेड नाही म्हणजे दोष रेघा ओढणाऱ्या यंत्राच्या आडव्या भागात, कारण ट्यूबला लागणारे हजारो व्होल्ट तिथेच तयार होतात.

२१/ मग त्यांनी मला विचारले, “शिट्टी येते काय?” त्यांच्या कानांना ती ऐकू येणे केव्हाच बंद झाले होते. मी कान लावला, शिट्टी नव्हती. म्हणजे आडवा भाग चालतच नव्हता. पूर्वी दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांच्या कानांवर हे काम सोपवत, असे त्यांनी सांगितले. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून आजवर मी बऱ्याच प्रकारची साधने हाताळली. माझे वय हेच साधन म्हणून कामी येण्याचा हा पहिला प्रसंग.

२२/ दोष सापडला तो असा. त्या छोट्या सर्किट बोर्डावर सर्वांत जड वस्तू म्हणजे ईएचटी, म्हणजे जास्त दाबाची वीज तयार करणारा ट्रान्सफॉर्मर. संच पडला की बाकी सारे भाग जागेवर राहतात. ईएचटी मात्र आपल्या वजनाने बोर्डाला झटका देतो. त्याच्या पायांभोवती बोर्ड केसासारखा तडकला होता आणि तांब्याच्या तीन वाटा तुटल्या होत्या. काकांनी ब्लेडने वरचा हिरवा थर खरवडला, वायरीतली एकेक तांब्याची तार घेऊन तिन्ही वाटांवर पूल बांधले, आणि ईएचटीच्या पायांचे जुने, कोरडे पडलेले सोल्डर काढून नवे मारले.

२३/ (सावधगिरीचा शब्द. अशा छोट्या ट्यूबवरही हजारो व्होल्ट असतात आणि संच बंद केल्यावरही काही काळ ते तिथेच साठून राहतात. काकांनी प्रत्येक वेळी हात घालण्याआधी ट्यूब चासीला टेकवून रिकामी केली. ट्यूबची मान काचेची आणि आत निर्वात. तिला धक्का लागू देत नाहीत. जाणकार शेजारी नसेल तर हे झाकण उघडू नये.)

२४/ पुन्हा वीज दिली तेव्हा शिट्टी आली आणि मागोमाग मुंग्या. उजेड वरच्या बाजूला दबलेला होता. उभ्या भागातला एक वाळलेला कंडेन्सर बदलल्यावर तोही सरळ झाला. राहिला चेपलेला ट्यूनर. तो मी दाखवला तेव्हा काकांनी मान हलवली. हवेत पकडायला आता काही उरलेलेच नाही, मग त्याची दुरुस्ती कोणासाठी? त्यांनी ट्यूनरचा पुरवठा तोडला, चित्राचा संकेत जिथून पुढे जातो तिथला एक पाय उचलला, बाहेरून येणारा एक व्होल्टाचा संकेत त्या जागी पुरेसा नव्हता म्हणून एका ट्रान्झिस्टरचा छोटासा टप्पा मध्ये बसवला आणि मागे पिवळे सॉकेट लावले.

२५/ रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ ला बाजारात आला तेव्हा त्याच्या अंगावर आधुनिक एचडीएमआयच्या जोडीला जुने पिवळे सॉकेटही होते. पुढच्या काही आवृत्त्यांत ते सॉकेट गेले तरी संकेत बाहेर काढण्याची सोय राहिली. त्याच्या मांडणीच्या फायलीत रंगाचा संकेत पूर्ण बंद करण्याचा एक पर्याय आहे. कृष्णधवल पडद्यावर तो बंद केला की अक्षरे धारदार होतात. आम्ही तो बंद केला. एका ओळीत चाळीसच्या आसपास देवनागरी अक्षरे बरी वाचता येतात. त्याहून बारीक केली तर वेलांट्या आणि मात्रा रेघांत विरघळतात. मामेभावाने पहिली ओळ ‘नमस्कार अकोला’ अशी लिहिली, एवढे ओघाने सांगते.

२६/ माझ्यासाठी खरा ऐवज निराळाच निघाला. तिसऱ्या संध्याकाळी काकांनी संदर्भासाठी खणातून एक जाड वही काढली. कव्हर गेलेले, पाने सोल्डरच्या धुराने पिवळी. त्यात त्यांच्या हस्ताक्षरात दोष आणि उपाय, वर्षानुवर्षांचे. डावीकडे लक्षण: ‘आवाज आहे, उजेड नाही’, ‘एक आडवी रेघ’, ‘चित्र खाली पळते’, ‘डावीकडे घडी’. उजवीकडे बदललेल्या भागाचा क्रमांक आणि कधीकधी खूण म्हणून गावाचे नाव. भाषा मराठी, मध्ये इंग्रजी संक्षेप, तेही देवनागरीत. आयटीआयच्या ‘रेडिओ-टीव्ही मेकॅनिक’ अभ्यासक्रमातले थोडे, उस्तादाकडून ऐकलेले थोडे, उरलेले स्वतःचे.

२७/ मी ही वही एखाद्या दप्तरासारखी वाचली. गावांच्या नावांवरून त्या प्रक्षेपकाचा खरा पल्ला दिसतो, कारण जिथे चित्र पोचत नाही तिथून दुरुस्तीला टीव्ही येत नाही. पावसाळ्यातल्या नोंदी ईएचटीच्या. दमट हवेत तिथे ठिणग्या उडतात. वीज परतताना येणाऱ्या झटक्यांनी जळालेल्या भागांच्या नोंदी भारनियमनाच्या वर्षांत दाट होतात. व्हीसीडीचे वर्ष कोणते, तेही कळते: एका पानापासून पुढे ‘एव्ही काढली’ हे दोन शब्द पुन्हापुन्हा येऊ लागतात. शेवटची काही पाने सेट-टॉप बॉक्सच्या ॲडॅप्टरची, आणि त्यानंतर कोरी. अशी वही कोणत्याही अभिलेखागारात मी तरी पाहिलेली नाही. पेशवे दप्तरातल्या रुमालांना जे भाग्य लाभले ते टीव्ही मेकॅनिकच्या वहीला लाभत नाही, कारण ती कागदपत्र आहे हेच कोणाला वाटत नाही.

२८/ संचांचे काय होते, तेही पाहा. भंगारवाला पोर्टेबल टीव्ही वजनावर घेतो. त्याला हवे असते ते ट्यूबच्या मानेवरच्या योकमधले आणि ट्रान्सफॉर्मरमधले तांबे. ते ओढून काढताना मान तुटते आणि ट्यूब कायमची जाते. या काचेत शिसे असते, म्हणून ती कचऱ्यात फेकणेही घातक. ई-कचऱ्याचे नियम २०११ मध्ये अधिसूचित झाले, २०२२ मध्ये नवे आले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही काढले. तिथे कंपन्यांनी सुट्या भागांची माहिती द्यावी, अशी अपेक्षा आहे. ज्या कंपन्याच आता उरल्या नाहीत, त्यांच्या संचांची माहिती फक्त वहीत आणि डोक्यात आहे.

२९/ काकांच्या परवानगीने मी वहीच्या पानांची छायाचित्रे घेतली आहेत. गिऱ्हाइकांची नावे झाकून ती यथावकाश टाकेन. तोवर एक विनंती. घरात असा छोटा टीव्ही असेल आणि तो भंगारात जाणार असेल, तर मागच्या झाकणाच्या आत आणि वॉरंटी कार्डाच्या पाकिटात एकदा पाहा. त्या काळचे बरेच देशी उत्पादक संचासोबत सर्किटचा घडी घातलेला कागद देत. तो सापडला तर सपाट करून त्याचा स्पष्ट फोटो या धाग्याखाली टाका. सोबत कंपनीचे नाव, आणि लक्षात असेल तर संच कोणत्या गावात, कोणत्या वर्षी घेतला तेवढे लिहा.